‘कामचुकार’ या एका शब्दासाठी : शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहाचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात एका कार्यालयातून माझ्याकडे भाषा तपासण्यासाठी एक मसुदा आला. एका कर्मचाऱ्याला द्यावयाची ती कारणे दाखवा नोटीस होती. जेमतेम नऊ ओळींच्या त्या मसुद्यात एकाच माणसाच्या एकाच वागण्याला तीन नावे दिलेली होती : पहिल्या वाक्यात ‘कामचुकारपणा’, दुसऱ्यात ‘कर्तव्यात कसूर’ आणि तिसऱ्यात ‘दिरंगाई’. सोबतच्या कागदांवरून एवढेच कळत होते, की दोन प्रभागांतल्या नळजोडांच्या मीटरची नोंदवही तीन महिने अपुरी राहिली होती. ती का अपुरी राहिली, याबद्दल एक अक्षरही कुठे नव्हते. मसुदा करणाऱ्या वरिष्ठ लिपिकांना मी फोनवर विचारले, की यांतले नेमके काय म्हणायचे आहे. ते म्हणाले, ‘‘मॅडम, शब्द कुठलाही ठेवा, अर्थ एकच आहे की.’’

अर्थ एकच नाही, हे मला मनातून ठाऊक होते; पण ज्या कागदावर एखाद्याची वेतनवाढ आणि अब्रू अवलंबून असते, त्या कागदावरचा शब्द नुसत्या मनातल्या खात्रीवर बदलता येत नाही. म्हणून त्या दिवशी मी हे तिन्ही शब्द, आणि त्यांच्या आसपासचे आणखी दहाबारा, एकेक करून शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई भाषांच्या डिजिटल कोशसंग्रहात पाहिले. हा संग्रह मी अनेक वर्षे वापरते आहे. त्याचे गुण आणि मर्यादा या एका विषयाच्या निमित्ताने जितक्या स्पष्ट झाल्या, तितक्या एरवी झाल्या नव्हत्या, आणि अनुवादक, मुद्रितशोधक, शिक्षक, कार्यालयात टिपण्या लिहिणारे कर्मचारी अशा कोणालाही त्याचा उपयोग होईल, या विचाराने हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम या सेवेचे स्वरूप सांगते. संकेतस्थळ सर्वांसाठी खुले आणि विनामूल्य आहे. मराठीचे पाच कोश तेथे शोधता येतात. सर्वांत जुना मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा; मूळ आवृत्ती १८३१ ची, आणि दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या सुमारे चाळीस हजारांवरून साठ हजारांवर गेली. दुसरा श्रीधर गणेश वझे यांचा शालेय कोश, पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून १९११ मध्ये निघालेला. तिसरा य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात विभाग आणि १९५० ची पुरवणी. चौथा फलटणला आयुष्य वेचलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा १९८०च्या दशकातला छोटा कोश, आणि पाचवा शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, १९९९ चा. यांच्या जोडीला सर राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोशही त्याच ठिकाणी आहे, आणि शब्दाचे मूळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही जोड फार मोलाची आहे. पावणेदोन शतकांचे कोशकार्य एका मेजावर उघडे पडावे, तसे हे आहे.

आता ‘कामचुकार’ या शब्दाकडे येते.

हा शब्द दोन तुकड्यांचा आहे आणि दोन्ही तुकडे प्राकृतातून आलेले आहेत. ‘काम’ हे संस्कृत ‘कर्म’चे मराठी रूप. कर्म, कम्म, काम. जसे चर्म, चम्म, चाम आणि घर्म, घम्म, घाम. जोडाक्षर विरघळते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो. इच्छा किंवा वासना या अर्थाचा संस्कृत ‘काम’ हा शब्द याहून अगदी वेगळा आहे, आणि कोशात हे दोन शब्द शेजारी पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण उच्चार आणि लेखन दोन्ही सारखेच आहे.

खरे कुतूहल दुसऱ्या तुकड्याचे. ‘चुकार’ हा शब्द ‘चुकणे’पासून झाला, झुंज आणि झुंजार, तसा चूक आणि चुकार. ‘चुकणे’ हे क्रियापद संस्कृतातून थेट दाखवता येत नाही, पण प्राकृतात ते स्पष्ट उभे आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे नियम सांगितले. त्यातल्या एका सूत्रात ‘भ्रंश्’ म्हणजे निसटणे, ढळणे, या संस्कृत धातूच्या जागी प्राकृतात कोणते धातू येतात त्यांची यादी आहे. त्या यादीत ‘फिट्ट’ आहे, ‘फुट्ट’ आहे, ‘चुक्क’ आहे आणि ‘भुल्ल’ आहे. मराठी माणसाला या यादीचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. फिटणे, फुटणे, चुकणे, भुलणे : चारही क्रियापदे आपण आजही सकाळपासून रात्रीपर्यंत वापरतो. टर्नर यांच्या कोशात याच ‘चुक्क’चे कुटुंब निरनिराळ्या भाषांत पसरलेले पाहायला मिळते, आणि त्यात मराठीचे ‘चुकणे’ हिंदीच्या ‘चूकना’जवळ बसते.

म्हणजे मुळात ‘चुकणे’ हा दोष नव्हता. ते निसटणे होते. वाट चुकते, नेम चुकतो, गाडी चुकते, काळजाचा ठोका चुकतो. वारकऱ्याच्या तोंडी जन्ममरणाचा फेरा चुकतो, तेव्हा तर तीच परमप्राप्ती असते. या सगळ्या वाक्यांत कर्त्याने जाणूनबुजून काही केलेले नाही. काहीतरी हातून किंवा मार्गातून सुटले आहे. पण त्याच क्रियापदाचे प्रयोजक रूप केले, ‘चुकवणे’ म्हटले, की हेतू आत येतो. नजर चुकवणे, वार चुकवणे, पाळी चुकवणे, कर चुकवणे. येथे कर्ता जागा आहे, त्याला पुढून काय येते आहे ते दिसते आहे, आणि तो बाजूला होतो आहे. वार चुकवणाऱ्याचे आपण कौतुक करतो आणि काम चुकवणाऱ्याला दूषण देतो. हालचाल मात्र दोघांची एकच आहे. दाते–कर्वे कोश आणि मोल्सवर्थ या दोहोंत अकर्मक आणि प्रयोजक रूपांच्या स्वतंत्र नोंदी आहेत, आणि त्या एकाखाली एक वाचल्या की हा फरक आपोआप उलगडत जातो.

‘चुकार’ या विशेषणात मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. कळपातून बाजूला पडलेले वासरू चुकार असते. निरभ्र आकाशात एकटाच फिरणारा ढग चुकार असतो. त्यांच्यावर कोणी ठपका ठेवत नाही. हाच शब्द ‘काम’ला जोडला, की तो माणसाच्या चारित्र्याबद्दल बोलू लागतो, आणि तोही एखाद्या दिवसाच्या वागण्याबद्दल नव्हे, तर त्याच्या सवयीबद्दल. माझ्यापुढच्या मसुद्यातला खरा प्रश्न इथे होता. त्या कर्मचाऱ्याचे काम चुकले होते, की त्याने ते चुकवले होते? कागद पहिली गोष्ट सांगत होते आणि नोटिशीतला शब्द दुसरी.

अनुवादकांसाठी येथे एक सूचना करावीशी वाटते, कारण हा खड्डा मी स्वतः पाहिला आहे. हिंदीत ‘कर चुकाना’ म्हणजे कर भरणे, आणि मराठीत ‘कर चुकवणे’ म्हणजे कर बुडवणे. गुजरातीतही ‘चूकववुं’ हे क्रियापद पैसे देऊन टाकण्यासाठी वापरतात. मराठीच्या व्यापारी बोलीत ‘हिशेब चुकता केला’ हा प्रयोग रुळलेला आहे, त्यामुळे फसगत अधिकच सोपी होते. प्रामाणिक करदात्याला भाषांतरात करबुडव्या करून ठेवण्याइतका हा फरक मोठा आहे, आणि असा फरक कोशातल्या शेजारच्या भाषांची रूपे ताडून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. मराठी आणि हिंदी कोश व टर्नर यांचा तौलनिक कोश एकाच संग्रहात असल्याचा हा प्रत्यक्ष लाभ.

मसुद्यातल्या दुसऱ्या शब्दाचे कूळ वेगळे. ‘कसूर’ अरबीतून फारसीमार्गे आला. ज्या अरबी धातूपासून तो बनला त्याचा अर्थ आखूड पडणे, अपुरे राहणे असा आहे. कसूर म्हणजे करायला हवे होते तेवढे न होणे. त्यात लबाडी गृहीत धरलेली नाही. अगदी त्याच्याजवळचा वाटणारा ‘कसर’ हा शब्द मात्र दुसऱ्या अरबी धातूचा, मोडणे किंवा तुकडा होणे या अर्थाच्या धातूचा. अपूर्णांक, थोडीशी तूट, ही त्याची मूळ कल्पना. अरबी लिपीत या दोघांची आद्याक्षरे निराळी आहेत. देवनागरीत दोन्ही ‘क’ एकच झाले, म्हणून ‘कामात कसर ठेवली’ आणि ‘कामात कसूर केली’ ही सख्खी भावंडे वाटू लागली. मोल्सवर्थच्या कोशात फारसी, अरबी, संस्कृत, हिंदुस्थानी अशा मुळांसाठी एकेका अक्षराची खूण असते, आणि दाते–कर्वे कोश नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात मूळ देतो. बहुतेक वेळा एवढ्या खुणेवर पुढचा शोध घेता येतो.

तिसरा शब्द ‘दिरंगाई’. फारसी ‘दिरंग’ म्हणजे विलंब, रेंगाळणे. त्याला मराठीचा ‘आई’ प्रत्यय लागला. कुचर आणि कुचराई हीदेखील अशीच जोडी. दिरंगाई करणारा माणूस काम टाळतोच असे नाही. तो ते करतो, पण उशिरा. महाराष्ट्रातल्या कार्यालयांना या शब्दाची ओळख करून द्यायला नको, कारण शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांसंबंधीच्या २००५ च्या अधिनियमाला लोकांनी दिलेले नावच ‘दप्तर दिरंगाई कायदा’ असे आहे. कोणतीही नस्ती, म्हणजे फाईल, साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे पडून राहू नये, असे तो सांगतो. आणि शिस्तभंगाची गोष्ट काढताना तो जाणूनबुजून केलेल्या विलंबाचा वेगळा उल्लेख करतो. म्हणजे माझ्या लिपिक सद्‌गृहस्थांना जे तीन शब्द एकाच अर्थाचे वाटत होते, त्यांच्यातला हेतूचा मुद्दा कायदा करणाऱ्यांनाही महत्त्वाचा वाटलेला आहे.

याच घरातला आणखी एक अरबी शब्द ‘गफलत’. त्याचा सख्खा भाऊ ‘गाफील’. गफलत होते, ती बहुधा कोणी करत नाही. लक्ष नसणे हा तिचा गाभा. ‘हयगय’ तिच्याहून एक पायरी पुढे : लक्ष द्यायला हवे हे ठाऊक असूनही ते पुरेसे न देणे. गफलत, कसूर, हयगय, दिरंगाई, कुचराई, टाळाटाळ, कामचुकारपणा असे शब्द मी त्या दिवशी कागदावर एकाखाली एक लिहिले, आणि वरून खाली जाताना माणसाच्या माथ्यावरचा दोष कसा वाढत जातो ते पाहून थबकले. आपल्या भाषेने ही श्रेणी इतकी बारकाईने जपली आहे, आणि आपण मात्र वाक्याला वजन यावे म्हणून हाती येईल तो शब्द उचलतो.

दाते–कर्वे कोशाचे मोठेपण याच ठिकाणी जाणवते. या पाच कोशांत मराठीचा अर्थ मराठीत सांगणारा तो एकटाच. शब्द कोणत्या ग्रंथात आला ते तो संक्षेपाने नोंदवतो, आणि राजापुरी, गोमंतकी, वऱ्हाडी, नागपुरी, बेळगावकडचा अशी प्रांतांची खूणही करतो. काम टाळण्याच्या बाबतीत प्रांतोप्रांतीची मराठी किती संपन्न आहे, हे त्यामुळे कळते. कोशात शब्द शोधायचा तर मुख्य नोंदीबरोबर संपूर्ण मजकुरातही शोधता येते, ही सोय मला सर्वांत आवडते. ‘काम’ आणि ‘टाळ’ अशी अक्षरे मजकुरात शोधली, की ज्यांची नावेही आपल्याला आठवत नव्हती असे शब्द आणि वाक्प्रचार समोर येतात. छापील खंडांत हे शक्य नव्हते. तिथे शब्द आधी ठाऊक असावा लागतो.

अशा शोधात माझ्या ध्यानात आलेली एक गोष्ट इथे नोंदवते. काम टाळण्याचे मराठी शब्द दोन तऱ्हांनी बनतात. एक तऱ्हा शरीराची. अंग चोरणे, अंग राखणे, अंग काढून घेणे, हात झटकणे, काखा वर करणे. शेतात ओळीने खुरपणाऱ्या बायांमध्ये एखादी अंग चोरून काम करते, ते मुकादमाच्या आधी शेजारच्या बाईला कळते, कारण तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, मागे पडते आणि हिला ती ओढून घ्यावी लागते. ‘अंगचोर’ हा शब्द अशा कष्टाच्या जागीच जन्माला येऊ शकतो. तिथे चोरी वस्तूची नसून स्वतःच्या शरीराची असते, आणि तिचा भार दुसऱ्या शरीरावर पडतो. ‘पाट्या टाकणे’ हा प्रयोगही मातीकामातला. पाटी म्हणजे टोपली; तिच्यात माती किती आहे हे न पाहता टोपल्या मोजून दिवस भरायचा. अशा ठिकाणी माणूस कामावर हजर असतो, हात चालू असतात, आणि काम मात्र होत नाही.

दुसरी तऱ्हा द्विरुक्तीची. टाळाटाळ, चालढकल, टोलवाटोलवी, चुकवाचुकवी, उडवाउडवी, टंगळमंगळ, आळमटळम. ‘टाळणे’ हे ‘टळणे’चे प्रयोजक रूप; संकट आपोआप टळते, काम कोणीतरी टाळतो, म्हणजे ‘चुकणे–चुकवणे’ हीच रचना पुन्हा. पण ‘टाळणे’ एकदा घडते आणि ‘टाळाटाळ’ चालू राहते. ‘टोलवाटोलवी’त तर किमान दोघे लागतात, टोला एकाने मारायचा आणि दुसऱ्याने परत पाठवायचा. कार्यालयांच्या खिडक्यांपुढे उभे राहणाऱ्या सामान्य माणसाने हा शब्द वापरला, तेव्हा त्याने एका कर्मचाऱ्याला दोष दिला नाही. त्याने दोन टेबलांमधले अंतर दाखवले. माझ्या मसुद्यातल्या नोंदवहीचेही कदाचित तसेच झाले असेल, असा विचार त्या वेळी मनात येऊन गेला.

इथे मला या कोशांच्या एका मर्यादेबद्दल गांभीर्याने बोलले पाहिजे. कोश शब्दाचा अर्थ सांगतो. तो शब्द कोणी कोणाला म्हटला हे बहुधा सांगत नाही. ‘वेठ’ हा शब्द पाहा. संस्कृत ‘विष्टि’ म्हणजे सक्तीने, मोबदल्याविना करवून घेतलेले काम, त्यावरून वेठ. ‘बिगार’ फारसीतून आला. दोन्ही जोडून ‘वेठबिगार’. ज्या समाजात वतनाच्या नावाखाली महारांकडून गावाची आणि सरकारची अगणित कामे करून घेतली जात होती, त्या समाजात ते काम टाळणाऱ्या माणसाला काम सांगणारे कोणत्या विशेषणाने हाक मारत असतील, याचा विचार करावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, आणि पुढे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बिगारीला बंदी केली. वेठ टाळणे हा चुकारपणा नव्हता. कामाला ‘कर्तव्य’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर ‘कामचुकार’ या शब्दाचे वजन ठरते, आणि हे वजन १८५७ च्या कोशातल्या दोन ओळींच्या अर्थात मावणारे नाही. मोल्सवर्थ उदाहरणे आणि म्हणी देतो, पण त्या कोणाच्या तोंडच्या आहेत ते वाचकालाच ओळखावे लागते. दाते–कर्वे कोशातले ग्रंथसंदर्भ या बाबतीत पुष्कळ मदत करतात; तेही लेखी वाङ्मयाचे, लिहिता येणाऱ्यांचे.

बाकीच्या मर्यादा व्यवहारातल्या आहेत. पाचांपैकी चार कोशांत अर्थ इंग्रजीत आहेत, त्यामुळे ज्यांना केवळ मराठी वाचता येते त्यांच्यासाठी हा संग्रह एका कोशापुरताच उरतो. मोल्सवर्थचे इंग्रजी तर एकोणिसाव्या शतकातले आहे. काही वेळा त्याच्या इंग्रजी अर्थासाठी दुसरा कोश उघडावा लागतो. मोल्सवर्थ, वझे आणि दाते–कर्वे या तीन कोशांत शब्दांचे लेखन जुन्या वळणाचे आहे. क्रियापदांची रूपे ‘चुकणें’, ‘टाळणें’ अशी अनुस्वारासह दिलेली आहेत, कारण हे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले आणि हे तीन कोश त्यापूर्वीचे आहेत. नव्या पिढीच्या वाचकाने शोधताना हे ध्यानात ठेवावे. शब्द सापडला नाही तर तो भाषेत नाही असे न समजता, जुने लेखन करून पाहावे. ‘दांडी मारणे’, ‘कल्टी मारणे’ यांसारख्या आजच्या बोलीतल्या प्रयोगांसाठी या जुन्या कोशांवर विसंबून चालणार नाही. आणि शब्दांच्या मुळासाठी मराठीत वेगळा लिहिलेला जो महत्त्वाचा ग्रंथ, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश, तो या संग्रहात नाही. ही उणीव मला सर्वांत जास्त जाणवते, कारण टर्नर यांच्या कोशात मराठी ही अनेक भाषांपैकी एक आहे आणि कुलकर्णींच्या कोशात ती केंद्रस्थानी आहे.

छापील प्रत की संकेतस्थळ, असे मला अधूनमधून विचारले जाते. मोल्सवर्थचे १९७५ चे पुण्यातले पुनर्मुद्रण माझ्याजवळ आहे. त्याचे पान उघडले की ‘चुक’च्या आधीचे आणि नंतरचे शब्द आपोआप डोळ्यांखालून जातात, आणि न शोधलेला शब्द भेटण्याचे सुख तिथेच आहे. संकेतस्थळावर नोंदीसोबत मूळ पृष्ठाचा क्रमांक असतो, त्यामुळे छापील प्रतीशी ताडून पाहणे सोपे जाते. माझी पद्धत अशी, की पहिल्यांदा दाते–कर्वे कोशात मराठी अर्थ आणि प्रांताची खूण पाहायची; मग मोल्सवर्थमध्ये अर्थच्छटांचे क्रमांक आणि मुळाची खूण; शब्द देशी वाटला तर टर्नर, फारसी–अरबी वाटला तर त्याच संग्रहातले फारसी कोश; आणि शब्द यादवकालीन असेल अशी शंका आली, तरच तुळपुळे–फेल्डहाउस. बर्नसन यांचा कोश आकाराने लहान असला, तरी आजच्या बोलत्या मराठीत शब्द कसा चालतो हे तो साध्या वाक्यांतून दाखवतो, म्हणून परभाषक विद्यार्थ्यांना मी प्रथम तोच सुचवते. कार्यालयीन मजकुरासाठी याच्या जोडीला भाषा संचालनालयाचे पारिभाषिक कोश आणि शासन व्यवहार कोश ठेवावेत, कारण प्रचलित शासकीय पर्याय तिथे मिळतो, आणि तो पर्याय का निवडला असावा हे शिकागोच्या संग्रहात उमगते.

दर्जाबद्दल माझे मत विचाराल, तर मराठी शब्दाचा अर्थ आणि त्याचे मूळ जबाबदारीने पाहू इच्छिणाऱ्याला आज घरबसल्या उपलब्ध असलेल्या साधनांत मी या संग्रहाला वरचे स्थान देईन. ‘जबाबदारी’ हा शब्दही त्याच दिवशी पाहिला : अरबी ‘जवाब’, त्याला फारसी ‘दार’, म्हणजे जो उत्तर देण्यास बांधलेला आहे तो. काम अंगावर असणाऱ्याने उत्तर द्यावे, अशी ही कल्पना आहे. कारणे दाखवा नोटीसही तेच मागते. ती उत्तर मागते, आणि म्हणून उत्तर येण्याआधी निकाल सांगणारा शब्द तिच्यात असू नये, असे मी लिपिकांना कळवले.

त्यांनी पुन्हा फोन केला. बराच वेळ बोलणे झाले. ‘कामचुकारपणा’ आणि ‘दिरंगाई’ हे दोन्ही शब्द काढून ‘नोंदवही अपूर्ण राहिल्याचे आढळून आले असून, कर्तव्यात कसूर झाली आहे काय, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा’ एवढेच वाक्य ठेवायचे ठरले. मसुद्याची सुधारित प्रत मी त्याच संध्याकाळी पाठवली.